कॉलेजचा खेळ, कुणाची कमाई?

नागपाड्यात बास्केटबॉल हा गल्लीचा खेळ आहे. मुंबईतल्या इतर मोहल्ल्यांत पोरं बॅट घेऊन बाहेर पडतात, इथे संध्याकाळी मस्तान तलावच्या कोर्टवर गर्दी होते. भारताच्या संघाचं नेतृत्व केलेले गुलाम अब्बास मुंतसिर याच भागातले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीने त्यांचा खेळ पाहिला नाही, फक्त थोरांच्या तोंडून ऐकला. आम्ही पाहिली ती केबलवरची अमेरिका. घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद करून पहाटे एनबीए बघायचो. पुढे इंटरनेट आलं आणि मार्चमध्ये होणाऱ्या तिथल्या कॉलेज स्पर्धेचा नाद लागला. एक सामना हरला की संघ घरी, हा त्या स्पर्धेचा कायदा. ती चटक लागली की सुटत नाही.

चहाच्या टपरीवर माझं कित्येक वर्षं एकच पालुपद असे. एनबीए म्हणजे बाजार, खरा खेळ कॉलेजचा; ती पोरं पैशासाठी नाही, विद्यापीठाच्या नावासाठी घाम गाळतात. आमच्यातले एक सीनियर, ज्यांना सगळे भाईजान म्हणत, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागले होते. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, ‘‘पोरं पैसे घेत नाहीत, मग तिकिटाचे पैसे जातात कुणाकडे?’’ मला उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन वाचायला बसलो, ते वाचन अजून संपलेलं नाही.

२० जानेवारी १९६८. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराचं ॲस्ट्रोडोम, म्हणजे छत असलेलं प्रचंड बेसबॉल स्टेडियम. मधोमध लाकडी कोर्ट अंथरलेलं, आणि ते इतकं दूर की पहिल्या रांगेतल्या माणसालाही खेळाडू लहान दिसावेत. प्रेक्षक ५२,६९३. ह्यूस्टन विद्यापीठ विरुद्ध लॉस एंजेलिसचं यूसीएलए. देशभर संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी टीव्हीवर दाखवलेला कॉलेज बास्केटबॉलचा हा पहिला साखळी सामना. यूसीएलए सलग ४७ सामने जिंकून आलं होतं, पण त्यांच्या ल्यू अल्सिंडरच्या डोळ्याला आठवडाभरापूर्वीच इजा झाली होती. ह्यूस्टनच्या एल्विन हेजने ३९ गुण ठोकले आणि ह्यूस्टन ७१-६९ असं जिंकलं. कॉलेजचा बास्केटबॉल टीव्हीवर केवढा विकला जाऊ शकतो, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे पैसे आयोजकांना आणि विद्यापीठांना मिळाले. हेज आणि अल्सिंडर यांच्या वाट्याला शिष्यवृत्ती होती, म्हणजे फी, राहणं आणि जेवण.

अल्सिंडर म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी इस्लाम स्वीकारला, नाव जाहीरपणे बदललं १९७१ मध्ये. आपल्याकडे त्यांची आठवण बहुधा इथूनच सुरू होते आणि इथेच थांबते. मला त्यांची कॉलेजची वर्षं जास्त बोलकी वाटतात. तीन हंगामांत ८८ विजय, फक्त दोन पराभव, तिन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. पहिल्याच हंगामानंतर, १९६७ मध्ये, कॉलेजच्या खेळात ‘डंक’, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबणं, यावर बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. कारण दिलं गेलं दुखापतींचं आणि मोडणाऱ्या बोर्डांचं. पण सात फुटांहून उंच असलेल्या या काळ्या पोराला आवरण्यासाठीच हा नियम आला, असं तेव्हाही बोललं गेलं आणि खुद्द करीमही तसंच म्हणत आले. ज्याच्या खेळावर गल्ला भरतो, त्याने कसं खेळायचं हेही गल्ल्यावर बसलेल्यांनी ठरवायचं! डंक गेल्यावर त्यांनी ‘स्काय हुक’ घोटून घेतला आणि त्याच्या जोरावर एनबीएत ३८,३८७ गुण केले. हा विक्रम २०२३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पुढे २०१४ मध्ये त्यांनी एका मासिकात लेख लिहून कॉलेज खेळाडूंना मोबदला मिळालाच पाहिजे, अशी बाजू मांडली.

पैसे न देण्याला आधार होता एका शब्दाचा, ‘विद्यार्थी-खेळाडू’. मी तो शब्द भाबडेपणाने, कौतुकाने वापरत आलो. त्याचा जन्म मात्र वकिली गरजेतून झाला. १९५५ मध्ये रे डेनिसन हा कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सामन्यातल्या दुखापतीने मेला. कामगार म्हणून नुकसानभरपाई मिळावी, असा दावा त्याच्या विधवेने केला. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्याच काळात हा जोडशब्द रूढ केला. खेळाडू आधी विद्यार्थी आहे, नोकर नाही, हे कायद्याच्या भाषेत ठसवायचं होतं. १९५७ मध्ये कोर्टाने त्या बाईचा दावा फेटाळला. ज्यांच्या कारकिर्दीत हा शब्द घडला, ते संस्थेचे प्रमुख वॉल्टर बायर्स निवृत्तीनंतर याच व्यवस्थेचे कडवे टीकाकार झाले.

ज्या एनबीएला मी बाजार म्हणत होतो, तीही या व्यवस्थेत सामील होती. शाळा संपल्यावर चार वर्षं झाल्याशिवाय खेळाडू घ्यायचा नाही, असा तिचा नियम. म्हणजे कॉलेजांना चार वर्षं फुकटचे खेळाडू आणि एनबीएला आयते तयार झालेले. हा नियम तोडला स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आईच्या दहा मुलांपैकी एक, १९६८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातला. सिॲटलने त्याला मुदतीआधी घेतलं, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पैशाची गरज आहे म्हणून लवकर कमवायला निघालेल्या या पोराला तेव्हा बंडखोर ठरवलं गेलं. आमच्या मोहल्ल्यात त्याला घरचा कर्ता मुलगा म्हटलं असतं.

मग आला एड ओबॅनन. १९९५ मध्ये यूसीएलएला विजेतेपद मिळवून देणारा. एनबीएतली कारकीर्द छोटी ठरली आणि तो लास वेगासजवळ मोटारी विकू लागला. एका मित्राच्या घरी मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर यूसीएलएचा संघ, त्यात ३१ नंबरचा डावखुरा खेळाडू. नाव नव्हतं, बाकी सगळा ओबॅननच. गेम विकला जात होता, त्याच्या हातात छदामही नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा केला, २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. मधल्या काळात, २०१० मध्ये, मार्चच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला गेले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली.

आता तक्रार माझी आहे. एखाद्या संघावर जीव जडवावा, तर पुढच्या वर्षी त्यातले निम्मे खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या कॉलेजात गेलेले. जुन्या अर्थाने ‘आपला संघ’ राहिला नाही, आणि मला ते सलतं. भाईजान आता निवृत्त आहेत, रेल्वेची पेन्शन घेतात. हे रडगाणं ऐकून ते म्हणाले, ‘‘मीही नोकरीसाठीच सराव करायचो. घरात सहा तोंडं होती.’’ त्यांचा खेळ मी लहानपणी कोर्टच्या जाळीला नाक लावून पाहिला आहे. इतक्या वर्षांत तो बाजारू वाटल्याचं मला आठवत नाही.

जून २०२५ मध्ये त्याच विल्कनबाईंनी तडजोडीला मंजुरी दिली. आता विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात. पण हे खेळाडू विद्यापीठाचे नोकर आहेत की नाहीत, याचा फैसला या तडजोडीनेही केलेला नाही. डेनिसनच्या विधवेने कोर्टापुढे नेलेला प्रश्न तोच होता.