एका खोट्या आजोबांची गोष्ट

वर्डमध्ये फॉन्टची यादी उघडा आणि 'गॅरामॉन्ड' निवडा. हे नाव क्लोद गॅरामॉन्डचं. पॅरिसमध्ये छपाईचे खिळे घडवायचा, १५६१ मध्ये वारला. गंमत अशी की समोर दिसणारी अक्षरं मुळात त्याची नाहीतच! आणि ज्या संशोधकाच्या नावाने हे जगाला कळलं, तो तर जन्मालाच आला नव्हता.

१९२६ साली लंडनच्या 'द फ्लरॉन' या छपाईला वाहिलेल्या नियतकालिकात पॉल बोजों यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं, फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात गॅरामॉन्डचे म्हणून मिरवणारे खिळे खरं तर जाँ जानोंचे आहेत. जानों सेदाँ गावचा प्रोटेस्टंट मुद्रक. स्वतःचा छापखाना, स्वतःच अक्षरं कोरायचा. आजच्या भाषेत छोटा डिझाइन स्टुडिओच म्हणा ना! १६२१ मध्ये त्याने आपल्या अक्षरांचा नमुना छापला होता. पुरावा तोच. १६४१ मध्ये त्याचे साचे पॅरिसच्या शाही छापखान्याकडे गेले आणि पुढे कधीतरी त्यांवर गॅरामॉन्डचं नाव चिकटलं.

आता हे बोजों कोण? लांब करडी दाढी, चार नातवंडं, जुन्या फर्निचरचा शौक, पत्ता मोंपार्नासमध्ये कुठेतरी. आणि हे सगळं साफ खोटं! लेख लिहिला होता बिआट्रिस वॉर्डने. जन्म १९००, गाव न्यूयॉर्क. नवराही याच क्षेत्रातला, म्हणून नावांचा घोळ नको होता. शिवाय छपाईच्या इतिहासावर एका बाईचं कोण ऐकणार?

लेख वाचून लंडनच्या मोनोटाइप कंपनीने १९२७ मध्ये बोजोंना थेट नोकरी देऊ केली, 'मोनोटाइप रेकॉर्डर'चं संपादन. आजोबांऐवजी तरुण बाई हजर झाल्यावर साहेब लोकांचे चेहरे काय झाले असतील! पण नोकरी मिळाली. १९२९ पासून कंपनीची प्रसिद्धी तिच्याकडे आली आणि १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

म्हणजे बघा, एका खऱ्या माणसाचं श्रेय परत मिळवून द्यायला एक खोटा माणूस उभा करावा लागला. कारण पुरावा तोच असला तरी लोक आधी नाव बघतात. बाईंना निदान स्वतःचं नाव परत मिळालं. जानोंचं काय? मोनोटाइपने १९२२ मध्ये काढलेला 'गॅरामॉन्ड' त्याच्याच अक्षरांवरून केलेला, आणि वर्डमधला गॅरामॉन्ड म्हणजे तोच. इतकी वर्षं झाली, मेनूतलं नाव काही बदललेलं नाही.