गिरणगावचा स्थानिक इतिहास आणि अभिलेखांचे जतन : एक विवेचन

प्रस्तावना

मुंबईतील परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, वरळी, प्रभादेवी या सलग परिसरास 'गिरणगाव' म्हणून ओळखले जाते. हे नाव कोणत्याही शासकीय विभागाचे नाही. येथील रहिवाशांच्या श्रमावरून ते रूढ झाले आहे. शासकीय अभिलेख मात्र निर्माण करणाऱ्या खात्यानुसार जतन केले जातात. त्यामुळे महसूल, पोलीस, कामगार, आरोग्य अशा खात्यांच्या दप्तरांत गिरणगाव विखुरलेले आढळते; वस्ती म्हणून त्याचे स्वतंत्र दप्तर नाही. वस्तीचा इतिहास जतन करण्यातील ही मूलभूत अडचण होय. तिचे स्वरूप आणि महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उपलब्ध साधने व त्यांच्या मर्यादा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीत १८५६ साली ताडदेव येथे उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या शतकभरातील गिरणी उद्योगाविषयी साधनांची वाण नाही. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पुराभिलेखागारात शासकीय पत्रव्यवहार उपलब्ध आहे. १९२१ साली मुंबई सरकारचे कामगार कार्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षापासून 'लेबर गॅझेट' प्रसिद्ध होऊ लागले. कामगार कुटुंबांचे उत्पन्न, घरभाडे, अन्नावरील खर्च आणि संपांत बुडालेले दिवस यांची माहिती या साधनांतून मिळते.

तथापि, ही माहिती कामगाराकडे बाहेरून पाहणाऱ्याने नोंदविलेली आहे. कोकण आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका, एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे यांचा उल्लेख शासकीय दप्तरात प्रायः तंटा, रोगराई अथवा संप उद्भवल्यावरच होतो. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कामगारांचे राजकारण गिरणीच्या फाटकाआड संपत नाही, ते वस्तीतही घडते, हे साधार दाखविले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. वस्तीतील माणसांचे शब्द हे इतिहासाचे साधन म्हणून किती मोलाचे आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

कागदाचे दुहेरी मूल्य

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढील काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाचा मार्ग खुला केला व २००१ मध्ये त्या तरतुदीत बदल झाला. कालांतराने कामगारांसाठी घरांची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामास होतो, हे सिद्ध करणे तिच्यासाठी आवश्यक ठरले. तिकीट नंबर, हजेरीपत्र, रजेचे रजिस्टर, पगाराची पावती, राज्य विमा योजनेचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे पुरावे त्यासाठी ग्राह्य धरण्यात आले.

ज्या कागदांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले, त्यांच्यावर निवाऱ्याचा हक्क अवलंबून राहिला. पत्र्याच्या ट्रंकेत पगाराची पावती सांभाळून ठेवणारी कामगाराची पत्नी या अर्थाने गिरणगावची पहिली अभिलेखपाल ठरते. ज्या घरात असा कागद उरला नाही, तेथे माणसाने आयुष्यभर केलेले कामही शाबीत करणे कठीण झाले. अभिलेखांचे जतन हा केवळ अभ्यासकांच्या सोयीचा विषय नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

कायद्याची व्याप्ती

केंद्र सरकारच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या कक्षेत सार्वजनिक उपक्रमही येतात. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात गेलेल्या गिरण्यांच्या दप्तराला त्यामुळे कायद्याचा आधार आहे. खासगी गिरण्यांच्या दप्तरावर असे बंधन नाही. खासगी व्यक्ती वा संस्थांकडील ऐतिहासिक महत्त्वाचे अभिलेख देणगी अथवा खरेदीद्वारे स्वीकारण्याची मुभा या कायद्याने राष्ट्रीय अभिलेखागारास दिली आहे. परंतु ते शोधून काढण्याचे काम कायदा करू शकत नाही. काळाचौकी येथील गिरणीच्या जागेवर महानगरपालिकेने हाती घेतलेला वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प स्वागतार्ह आहे. मात्र संग्रहालयात यंत्र मांडता येते. त्या यंत्रावर पाळी करणाऱ्याचे नाव हजेरीपत्रातच सापडते.

महाविद्यालयांचे कार्य

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून बीडीडी चाळींच्या २०७ इमारती उभारण्यात आल्या होत्या. पुनर्विकासात २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. प्रशस्त घर मिळणे न्याय्यच आहे. परंतु खोली रिकामी करतानाच जुने कागद रद्दीत जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून इतिहास विभागांनी स्थलांतरापूर्वीच चाळींशी संपर्क साधावा. मूळ कागद कुटुंबाकडेच ठेवून त्याची संगणकीय प्रत घ्यावी. तो कोणत्या चाळीत, कोणाकडे व कोणत्या कागदांसोबत सापडला, याची नोंद करावी. मुलाखतीपूर्वी लेखी संमती घ्यावी आणि वैयक्तिक क्रमांक अभ्यासकांसाठी खुले करू नयेत. मंडळांची इतिवृत्ते व जमाखर्चाच्या वह्याही सूचीबद्ध कराव्यात. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी अन्य संस्थेत ठेवावी.

समारोप

गिरणगावच्या इतिहासलेखनात भांडवल, संप व जमीन यांची चर्चा विपुल झाली आहे. या चर्चेतील माणसे नावानिशी उरावयाची असतील, तर त्यांचे कागद त्यांच्या वस्तीच्या संदर्भासह जतन होणे अगत्याचे आहे. या वस्तीतील विद्यार्थी वर्गात बसतात आणि त्यांच्या आजोबांचे तिकीट नंबर अद्याप घरात असू शकतात. शासकीय अभिलेखागाराला हे सान्निध्य लाभत नाही. महाविद्यालयाला ते सहज लाभले आहे.