स्टुडिओची तार कुठवर आली, आणि बुलढाण्याच्या अलीकडेच का थांबली?

मंडळी, आज थोडं मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा.

आमच्या लहानपणी घरातला रेडिओ म्हणजे काट्याची कसरत. 585 वर नागपूर, 963 वर जळगाव, 1305 वर परभणी. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या पाहुण्यांकडे जळगाव खणखणीत लागायचं. सिंदखेड राजा-देऊळगाव राजाकडे परभणीवर काटा स्थिर. घाटावर एक जिल्हा, घाटाखाली दुसरा, आणि रेडिओवर दोघंही पाहुणे. कारण कार्यक्रम तयार करणारं आकाशवाणी केंद्र बुलढाणा जिल्ह्याला कधी मिळालंच नाही.

थोडा इतिहास पाहू. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. आपण तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. आपल्या बाजूचं केंद्र, नागपूर, आलं 16 जुलै 1948 ला, म्हणजे 21 वर्षांनी. 1956 मध्ये पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग झाला. गावकरी कार्यक्रम ऐकून चर्चा करायचे, त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. आपण त्या वर्षी 1 नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशातच होतो. तेही हुकलं.

त्या काळी स्टुडिओ म्हणजे तारांचं जंगल. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतंत्र तार कंट्रोल रूमपर्यंत. कोणता आवाज कुठे जाणार, हे ठरवायला इंजिनिअर हातानं पिना बदलायचा. रेकॉर्डिंग टेपवर. चूक झाली की ब्लेडनं टेप कापायची आणि चिकटवायची. दिल्लीचं बातमीपत्र शॉर्टवेव्हवर पकडून किंवा टेलिफोन खात्याच्या तारेवरून घेऊन पुढे सोडायचं. खरखर त्यातूनच यायची. 1983 ला इन्सॅट-1बी वर गेला आणि हळूहळू आवाज उपग्रहावरून केंद्रांत उतरू लागला. पण पाहा, दिल्लीचा आवाज खाली यायची सोय झाली, मोताळ्याचा आवाज वर जायची नाही.

खरा बदल गेल्या वीस-बावीस वर्षांतला. 2003 च्या सुमारास लाइव्हवायर आलं, नंतर दांते. यांनी स्टुडिओतला आवाज थेट कॉम्प्युटरच्या केबलवर घातला. 2013 ला एईएस67 हे मानक आलं, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला 48,000 वेळा मोजतात, त्या आकड्यांची छोटी पाकिटं करतात आणि नेटवर्कवर सोडतात. एका स्टिरिओ आवाजाला सेकंदाला साधारण 23 लाख बिट लागतात. एका गिगाबिट केबलवर असे दोन-तीनशे आवाज आरामात जातात. जिथं भिंतभर तारा होत्या, तिथं एक निळी केबल.

पण हे सांभाळणं सोपं नाही. आमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. पेपर टाकणारा पोरगा ज्यानं पेपर लावलाय त्याच्याच दारात टाकतो. नेटवर्कमधल्या स्विचला हे नीट शिकवलं नाही तर तो प्रत्येक दारात सगळे पेपर टाकत सुटतो आणि गल्ली तुंबते. दुसरं, सगळ्या यंत्रांचं घड्याळ एकच लागतं. ते मायक्रोसेकंदांनी सरकलं तरी आवाजात टकटक. तिसरं, प्रत्येक आवाजाला नाव-नंबर. दोघांना एकच नंबर दिला तर हवेवर भलताच आवाज. म्हणून पिना बदलणारा माणूस गेला तरी त्याच्या जागी नेटवर्क समजणारा माणूस लागतोच. यंत्र घेतलं आणि माणूस घेतला नाही, तर उद्या शांतता प्रसारित होईल.

आता मूळ मुद्दा. आवाज तारेच्या जागेला बांधलेला राहिला नाही, की बोलणारा कुठंही बसू शकतो. जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करून तिथलं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं. ओरड झाली, निर्णयाला स्थगिती मिळाली. तंत्रज्ञानामुळे असे निर्णय सोपे होतात, हे लक्षात ठेवा. त्याआधी 28 एप्रिलला देशात 91 ठिकाणी 100 वॅटचे एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले. स्वागतच आहे. पण ट्रान्समीटर म्हणजे फक्त तोंड. बोलणार कोण, हा प्रश्न वेगळाच. शिवाय एफएम सरळ रेषेत जातं, घाट आडवा आला की अडतं.

आणि त्याच वर्षी जुलैत जळगाव जामोद-संग्रामपूरला पावसानं काय केलं, ते आपण पाहिलंय. अशा रात्री कोणता पूल पाण्याखाली आहे, हे संग्रामपूरच्या माणसाला मुंबईतून कोण सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्या नेटवर्कमुळे पुण्याचा माइक उचलून दुसरीकडे नेणं सोपं झालं, त्याच नेटवर्कमुळे बुलढाण्यात माइक लावणंही सोपं झालंय. मोठी इमारत नको. आवाज घुमणार नाही अशी एक खोली, दोन माइक, आवाज दाबून इंटरनेटवरून पाठवणारं कोडेक नावाचं यंत्र, दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन आणि एक शिकलेला माणूस. जोडणी अकोला किंवा जळगाव केंद्राला. रोज अर्धा तास तरी: खामगावचा कापसाचा भाव, धरणांचा साठा, पूर्णेचं पाणी.

1948 ला तार लांब होती, हे कारण मान्य. 1983 ला उपग्रह महाग होता, तेही मान्य. आज कोणतं कारण आहे? आपल्या खासदार-आमदारांना हा एक प्रश्न विचारा.

आणि तुमच्या घरी काटा कुठं लागायचा, ते गावाच्या नावासह खाली लिहा. यादी करतोय.