टिकली

परवा माळ्यावरचा बाबांचा हत्यारांचा डबा आवरत होतो. तळाशी गंजून भोक पडलेली एक पत्र्याची टिकली सापडली. घरच्यांना आपली पांढरी पद्मिनी आठवत असेलच. तिच्याच इंजिनातली ही.

बाकीच्यांसाठी थोडं पुराण. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, ओतून केलेला. आत पाणी खेळायला पोकळी हवी, म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवून भोवती रस ओततात. मग ती वाळू बाहेर काढायची तर ब्लॉकला भोकं हवीतच. ती बुजवणारी टिकली म्हणजे कोअर प्लग. पूर्वी तिथे आट्यांचे प्लग बसवायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिशिगनमध्ये वेल्च बंधू मोटारी बनवत. चाचणीच्या वेळी असा एक प्लग निसटला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने अर्ध्या डॉलरचं नाणं भोकात ठोकून बसवलं, असं सांगतात. त्यातून फुगीर चकती आली. मध्यावर हातोडी मारली की ती सपाट होत पसरते आणि कडेला घट्ट बसते. तिला अजूनही वेल्च प्लग म्हणतात.

थंड देशांत याचं नाव फ्रीझ प्लग. पाणी गोठलं की हा उडतो आणि ब्लॉक वाचतो, अशी समजूत. कधी उडतोही, पण ते काही त्याचं काम नव्हे. आणि मुंबईत कसला आलाय बर्फ! इथे वैरी एकच, गंज.

१९९६ साली गाडी तापायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, ब्लॉक तडकलाय, भंगारात काढा. बाबांना पटेना. रविवारी टॉर्च घेऊन वाकले, तर एका टिकलीखाली गंजाचा ओघळ. पाणी काढलं, टिकलीच्या एका कडेवर ठोकून ती आडवी फिरवली आणि पकडीने ओढून काढली. मागे नुसता तपकिरी चिखल! तो तारेने खरवडला, पाण्याने धुतला, भोकाची कड पॉलिश पेपरने घासली, सीलंटचा पातळ हात दिला आणि नवी टिकली सरळ ठोकून बसवली. ब्लॉक शाबूत होता.

आता खरी गोष्ट. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं काम माझं. गंज धरू नये म्हणून त्यात कूलंट घालायचं, त्याचे पैसे बाबा द्यायचे. दोन वर्षं मी नळाचंच पाणी भरलं आणि पैशांच्या कॅसेटी आणल्या. तो चिखल बघून बाबांना कळलं असणारच. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "टॉर्च नीट धर."

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आमची गाडी त्याआधीच गेली, आणि बाबाही. त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून टाकलं.

असो. टिकली पुन्हा डब्यात ठेवलीय.