तिकिटांचे घर : अल्बम आणि त्याची पाने

ग्रंथालयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कागद जपण्याचा इतिहास असतो. ऊन, ओल, कसर आणि हलगर्जी हात यांच्यापासून पुस्तक वाचवावे लागते. टपाल तिकिटाचे तर त्याहूनही अधिक. पुस्तकाला निदान पुठ्ठ्याची बांधणी असते. तिकीट म्हणजे बोटाच्या पेराएवढा कागद, एका बाजूस छपाई आणि दुसऱ्या बाजूस डिंक. त्याला आसरा हवा म्हणून अल्बम जन्मास आला. मात्र त्या आसऱ्यानेच आरंभीच्या काळात कितीतरी तिकिटांचा घात केला.

इंग्लंडमध्ये १८४० च्या मे महिन्यात पहिले टपाल तिकीट, काळी पेनी, प्रचारात आले. पुढील वीस-बावीस वर्षांत तिकिटे जमविण्याचा छंद युरोपभर पसरला. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८६२ साली तिकिटांची सूची प्रसिद्ध केली; प्राण्यांच्या वर्गीकरणात मुरलेली दृष्टी तिकिटांकडे वळली, यात नवल नव्हते. त्याच वर्षी पॅरिस येथे जस्टिन लालिए यांचा छापील अल्बम निघाला. प्रत्येक देशाला पान आणि प्रत्येक तिकिटाला आखीव चौकट, अशी त्याची रचना होती. मुलांना आणि प्रौढांनाही तो आवडला. अडचण एवढीच की चौकटी तोकड्या होत्या. चौकटीत बसावे म्हणून संग्राहकांनी तिकिटांच्या कडा कातरल्या, आणि खळ किंवा डिंक लावून ती पानांवर कायमची चिकटवून टाकली. घर पाहुण्याच्या मापाने बांधण्याऐवजी पाहुण्यालाच घराच्या मापाने कापण्याचा तो प्रकार होता.

हा अनुभव महाग पडला. पुढे तिकिटामागे लावण्याची डिंकाची छोटी घडीपट्टी, म्हणजे हिंज, रूढ झाली. तिच्यामुळे तिकीट पानावर टांगल्यासारखे राहते आणि उचलून त्याची मागील बाजूही पाहता येते. तरीही मूळ डिंकावर तिचा डाग उरतोच. विसाव्या शतकात अस्पर्श डिंकाच्या कोऱ्या तिकिटास अधिक मोल येऊ लागले, तेव्हा पारदर्शक खिशांचे माउंट पुढे आले. वापरलेल्या तिकिटास मात्र चांगली हिंज आजही पुरेशी ठरते.

छापील पान घ्यावे की कोरे, हा दुसरा जुना प्रश्न. छापील अल्बममध्ये काय मिळाले आणि काय उणे आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. नवशिक्याला शिस्त लागते. परंतु इतिहास नेहमीच चौकटीत बसतो असे नाही, आणि याची उदाहरणे मराठी माणसाच्या परिचित प्रदेशांतच सापडतात. ग्वाल्हेर संस्थानाने १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत छापून ती वापरली. या छपाईत कधी देवनागरी शब्दाची लांबी कमीजास्त झाली, कधी इंग्रजी नावातील एखादे अक्षरच चुकले. इंदूरच्या १८८६ च्या तिकिटावर दुसऱ्या तुकोजीराव होळकरांची छबी आली. हैदराबाद संस्थानाची तिकिटे १८६९ पासून निघाली; त्यांतील अनेकांवर उर्दू, इंग्रजी व तेलुगू यांच्या जोडीने मराठीलाही स्थान होते. गोव्यात १८७१ पासून पोर्तुगीज हिंदची स्वतंत्र तिकिटे होती; १८८१ नंतर चलन बदलले तेव्हा जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापण्यात आल्या आणि त्यांचे नाना प्रकार झाले. जगाच्या सर्वसाधारण छापील अल्बममध्ये अशा प्रत्येक भेदासाठी जागा कोठून असणार? तेथे सुटी कोरी पानेच उपयोगी पडतात. नवे पान मध्येच घालता येते, आणि तिकिटाखाली सुवाच्य अक्षरात दोन ओळींची टीपही लिहिता येते. छंदाचा अभ्यास होतो तो या दोन ओळींत.

पानाचा कागद ही तर सर्वांत मोलाची बाब होय. एकोणिसाव्या शतकात कागदाला राळ व तुरटी यांची पाण देण्याची रीत यंत्रनिर्मित कागदात सर्रास झाली. मागाहून चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. कागद स्वस्त झाला, पण त्यात आम्ल शिरले. त्या काळातील पुस्तकांची पाने हात लावताच तुटतात, त्याचे एक मोठे कारण हेच. १९५० च्या दशकात अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी आपल्या प्रयोगांतून या आम्लदोषाकडे ग्रंथपालांचे लक्ष वेधले. अल्बमच्या पानालाही तोच न्याय लागू आहे. म्हणून पान आम्लरहित व जाड असावे, आणि समोरासमोरच्या तिकिटांमध्ये पातळ कागद घालावा. मऊ, उग्र वासाचे पी.व्ही.सी.चे खिसे टाळावेत. त्यांतील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने तिकिटाच्या रंगात उतरतात. पॉलिएस्टरचे खिसे या दृष्टीने निर्धोक आहेत.

आपल्याकडील पावसाळा हा निराळाच शत्रू. दमट हवेत डिंक पाझरतो, तिकिटे एकमेकांस चिकटतात आणि कागदावर तांबूस ठिपके उमटतात. याकरिता अल्बम उभे ठेवावेत, एकावर एक रचून दाबू नयेत, भिंतीला टेकवू नयेत आणि कोरड्या दिवसांत उघडून वारा द्यावा. वारशाने आलेल्या जुन्या अल्बममधील तिकिटे घाईने ओढून काढणे हाही अपराधच. हाताने लिहिलेल्या जुन्या टिपा, तिकिटांचा क्रम, संग्राहकाची निवड, हे सर्व मिळून तो अल्बम एक दस्तऐवज असतो.

दोन संग्रहांची कथा येथे उद्बोधक ठरेल. फिलिप फॉन फेरारी यांचा संग्रह जगात अद्वितीय मानला जाई. १९१७ साली त्यांचे निधन झाले. संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयास मिळावा, अशी त्यांची इच्छा होती; परंतु युद्धामुळे फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला आणि १९२१ पासून लिलावांत तो दाही दिशांना विखुरला. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद थॉमस टॅपलिंग १८९१ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. त्यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि हिंदुस्थानचे १८५४ चे चार आण्यांचे, राणीचे मस्तक उलटे छापलेले दुर्मिळ तिकीटही त्यात पाहावयास मिळते.

चांगले पान तिकिटाला काही पिढ्या वाचवते. संग्रहाला मात्र त्याहून मोठे घर लागते. ते घर ग्रंथालयच देऊ शकते, म्हणूनच टॅपलिंग यांची तिकिटे शंभराहून अधिक वर्षे एकत्र राहिली.