प्रशिक्षणशाळा ते विद्यापीठ : देवनार येथील दोन संस्थांचा इतिहास

विद्यापीठांच्या उत्पत्तीचे सामान्यतः दोन मार्ग आढळतात. पहिल्या मार्गात शासन अधिनियम करून विद्यापीठ निर्माण करते व महाविद्यालये त्यास जोडली जातात. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे याचे परिचित उदाहरण होय. दुसऱ्या मार्गात एखाद्या विशिष्ट कामासाठी माणसे तयार करणारी लहानशी शाळा कालांतराने पदवी देण्याचा अधिकार संपादन करते. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे मूळची अध्यापकशाळा होती. लॉस एंजेलिसची अध्यापकशाळा १९१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा बनली, हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हा क्रम उलटा ठेवला. त्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली आधी निघाले आणि प्राथमिक शिक्षिका तयार करणारी अध्यापिकाशाळा त्यामागून, १९१७ साली, निघाली.

मुंबईच्या उपनगरातील देवनार येथे मात्र शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा प्रवास केलेल्या दोन संस्था एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत : टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. दोन्ही अध्यापकांसाठी निघालेल्या नव्हत्या; पण त्यांची मूळ घडण अध्यापकशाळेचीच होती. अध्यापकशाळेचा प्राण तिच्या व्याख्यानांपेक्षा सराव पाठात असतो, आणि त्या पाठांसाठी तिला शेजारी एखादी शाळा लागते. देवनारच्या संस्थांच्या इतिहासात हा सराव कोठून आला, त्याने संस्थेस काय मिळवून दिले आणि विद्यापीठाचा दर्जा लाभल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न मध्यवर्ती आहे.

१. नागपाड्यातील आरंभ

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईस आले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली ह्याच मिशनने सुरू केले. मिशनच्या शैक्षणिक कार्यात शिक्षक तयार करण्यास मोठे स्थान होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ज्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या सिंथिया फॅरार ह्याच मिशनच्या होत. ह्या मिशनचेच एक कार्यकर्ते क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ साली भायखळ्याजवळच्या नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ हे वस्तीकेंद्र चालविण्यास घेतले. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांच्या प्रशिक्षणात गुंतलेल्या मिशनच्या परंपरेतूनच विसाव्या शतकात समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची पहिली शाळा उगवली, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासकारांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मॅन्शार्ट यांचे शिक्षण शिकागो येथे झाले होते. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली ‘हल हाउस’ त्याच शहरात स्थापन केले. समाजसेवेचे शिक्षण देणारी तेथील एक स्वतंत्र शाळा १९२० साली शिकागो विद्यापीठात विलीन होऊन ‘समाजसेवा-प्रशासन’ ह्या नावाने नांदू लागली होती. वस्तीत राहून काम करावे, कामातून ज्ञान घ्यावे आणि ते ज्ञान शिकविता येईल असे मांडावे, ही विचारसरणी मॅन्शार्ट यांनी तेथून आणली होती.

तथापि मुंबईची भूमी ह्या बाबतीत कोरी नव्हती. भारत सेवक समाज १९०५ मध्ये, विठ्ठल रामजी शिंदे यांचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ १९०६ मध्ये, मलबारी व दयाराम गिडुमल यांचे सेवासदन १९०८ मध्ये आणि ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ मध्ये स्थापन झाली होती. ह्या संस्थांत सेवेची प्रेरणा होती, त्याग होता, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही होता. परंतु तो अनुभव एका कार्यकर्त्याकडून दुसऱ्याकडे सहवासानेच पोहोचत असे. त्याचा पाठ्यक्रम बनला नव्हता. सर दोराबजी टाटा १९३२ साली निवर्तले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या विश्वस्तनिधीपुढे दानाचा उपयोग कसा करावा हा प्रश्न होता, आणि मॅन्शार्ट यांच्या सूचनेतून त्यास एक उत्तर मिळाले. १९३६ साली नागपाड्यातच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले व मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले.

येथे अध्यापकशाळेशी असलेले साम्य स्पष्ट दिसते. नागपाड्याचे वस्तीकेंद्र ही ह्या शाळेची जणू सरावशाळाच होती. गिरण्यांचे कामगार, चाळी, अपुरी घरे आणि आजारी मुले हा अभ्यासविषय वर्गाच्या दाराशीच होता. १९३७ साली शाळेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. मुलांवरील उपचार व विद्यार्थ्यांचे शिक्षण एकाच ठिकाणी होऊ लागले.

२. पदविकेची अठ्ठावीस वर्षे

१९३६ ते १९६४ ह्या अठ्ठावीस वर्षांत संस्था पदवी देऊ शकत नव्हती. ती पदविका देत असे. प्रवेशासाठी मात्र विद्यापीठाची पदवी आवश्यक होती. म्हणजे पदवीधर विद्यार्थी आणखी दोन वर्षे शिकून पदविका घेऊन बाहेर पडे. ही विसंगती संस्थेने सहन केली. तिच्या मोबदल्यात अभ्यासक्रम ठरविण्याची, क्षेत्रकार्यास वर्गाइतकेच महत्त्व देण्याची आणि परीक्षा आपल्या पद्धतीने घेण्याची मोकळीक तिला मिळाली.

१९४१ मध्ये जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे हे बंधू. संस्थेचे इंग्रजी संशोधनपत्र १९४० पासून निघू लागले होते. १९४४ साली ‘शाळा’ हे नाव जाऊन ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव आले. समाजकार्य हा व्यवसाय व समाजविज्ञान हे शास्त्र. नावातील ह्या बदलाने संस्थेची दृष्टी व्यवसायाकडून शास्त्राकडे वळू लागल्याचे दिसते. विद्यापीठाचा दर्जा मिळण्यापूर्वी वीस वर्षे हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

पदविकेस मोल आले ते प्रत्यक्ष कामामुळे. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९४७–४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी उभारलेल्या कुरुक्षेत्र छावणीत संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी काम करण्यास गेले. १९४८ साली गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्याचे विशेष शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी कारखाने अधिनियम संमत झाला. पाचशे वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे त्याच्या ४९ व्या कलमाने बंधनकारक केले आणि त्यांची पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांस दिला. समाजकार्याच्या प्रशिक्षणास ह्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. विद्यापीठीय जगाने संस्थेस मान्यता देण्यापूर्वी सोळा वर्षे कायद्याने तिच्या शिक्षणाची गरज मान्य केली होती. मान्यतेचा हा क्रम प्रशिक्षणशाळेच्या स्वभावास साजेसा होता. तिची पहिली परीक्षा रुग्णालयात, छावणीत व कारखान्यात झाली.

३. देवनार

१९५४ साली संस्था देवनार येथील स्थायी जागेत आली, ए. आर. वाडिया ह्यांनी संचालकपद स्वीकारले तेही त्याच वर्षी. शहराच्या मध्यवर्ती, दाटीच्या वस्तीतून ती सायन-ट्रॉम्बे रस्त्याकाठच्या मोकळ्या परिसरात गेली. ग्रंथालय, वसतिगृहे व वर्ग यांस येथे जागा मिळाली. पण जी सरावशाळा नागपाड्यात उंबरठ्यावर होती, तिच्यापासून संस्था दूर आली. क्षेत्रकार्य आता ठरलेल्या दिवशी प्रवास करून करावयाचे काम झाले.

अर्थात देवनारही कोरे मैदान नव्हते. शहराचा कचरा टाकण्याची देवनारची जागा १९२७ पासून वापरात होती. पुढे १९७१ साली येथे पशुवधगृह सुरू झाले. १९७६ साली ट्रॉम्बे येथील जनता कॉलनीतील रहिवाशांना हलवून चिता कॅम्प येथे वसविण्यात आले. शहराला जे नकोसे होते ते ह्या पूर्व टोकाकडे सरकत गेले, आणि त्याबरोबर विस्थापित माणसेही. संस्था क्षेत्रापासून दूर आली आणि काही दशकांतच क्षेत्र स्वतःच चालत तिच्या कुंपणापर्यंत आले.

४. अभिमत विद्यापीठ

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या तिसऱ्या कलमान्वये विद्यापीठाबाहेरील उच्च शिक्षणसंस्थांस अभिमत विद्यापीठाचा दर्जा देता येऊ लागला. १९५८ साली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, १९६३ साली गुजरात विद्यापीठ व काशी विद्यापीठ ह्या संस्थांस तो मिळाला. १९६४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेस तो प्राप्त झाला. त्या वेळी माधव सदाशिव गोरे संचालक होते (१९६२–१९८२). पदविकांची जागा पदव्युत्तर पदव्यांनी घेतली.

दिल्ली, वाराणसी व बडोदे येथील समाजकार्याचे शिक्षण १९४६ ते १९५० ह्या काळात निघाले आणि विद्यापीठांच्या छत्राखाली वाढले. तेथे समाजकार्य हा अनेक विद्याशाखांपैकी एक राहिला. देवनार येथे समाजकार्याची शाळा स्वतःच विद्यापीठ झाली, आणि इतर सामाजिक शास्त्रे तिच्याभोवती वाढली. गोरे यांनी पुढे विठ्ठल रामजी शिंदे व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांवर ग्रंथ लिहिले. समाजकार्याचा उगम केवळ शिकागोत न शोधता महाराष्ट्राच्या सुधारणा-परंपरेतही शोधावा, ह्या दिशेने टाकलेले ते महत्त्वाचे पाऊल होय.

५. शेजारची संस्था

जुलै १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधी, भारत सरकार व संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने मुंबईत ‘लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्र’ स्थापन झाले. आशियातील निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांस लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देणे हे त्याचे कार्य होते. नावात ‘प्रशिक्षण’ हा शब्द ‘संशोधन’ ह्या शब्दाच्या आधी आहे, हे सूचक आहे. १९७० साली नाव बदलले. १९८५ साली ह्या केंद्रासही अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व आजचे नाव प्राप्त झाले. १९९२–९३ पासून होत असलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ह्याच संस्थेच्या देखरेखीखाली होते. दोन्ही संस्थांच्या मुळाशी एकच विश्वस्तनिधी होता. एकीने कार्यकर्ते घडविले, दुसरीने गणना करणारे.

६. लाभ आणि ऋण

दर्जाबरोबर बंधनेही आली. अभ्यासक्रमांची रूपरेषा, अध्यापकांची पात्रता व अनुदान यांबाबत आयोगाचे नियम लागू झाले. अर्ध्याहून अधिक खर्च केंद्राकडून मिळणाऱ्या अभिमत विद्यापीठांच्या प्रमुखांची नेमणूक २०२३ च्या नियमांनी केंद्र शासनाकडे दिली. खाजगी दानातून निघालेली शाळा अशा रीतीने टप्प्याटप्प्याने शासकीय व्यवस्थेच्या कक्षेत आली. त्यातून स्थैर्य लाभले. परंतु पदविकेच्या काळी जी मोकळीक होती, तिचे मोल किती होते हेही ह्यातूनच कळते.

सरावाचा प्रश्न मात्र सुटला नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५, म्हणजे सर्व विभागांत नीचांकी, ठरला. समाजविज्ञानाचे अध्यापन करणारी संस्था अर्ध्या शतकाहून अधिक काळ ह्याच विभागात उभी होती. २०११ साली अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने तिने एम विभागाचा परिवर्तन-प्रकल्प हाती घेतला. त्या संकल्पात नागपाड्याचे स्मरण दिसते. त्याचबरोबर तो एवढ्या उशिरा करावा लागला, हाही संस्थेच्या इतिहासाचाच भाग आहे. विद्यापीठ झालेल्या शाळेस पदव्यांची संख्या दाखविता येते, ग्रंथांची यादी देता येते. पण अध्यापकशाळेच्या परीक्षकाची रीत निराळी असते. तो विद्यार्थ्याची वही बंद करतो आणि शेजारच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसतो. देवनारच्या ह्या संस्थांसाठी तो वर्ग गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्यांत भरतो.