मडकं वाजवून, लाख डोळे मिटून

माठ घ्यायला गेलेला माणूस आधी तो बोटानं वाजवून बघतो. आवाज बद्द आला की खाली ठेवतो, दुसरा उचलतो. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी पारख. पण याच माणसाच्या हाती जमिनीचे पन्नास लाख आले, की तो ते कुणातरी गोड बोलणाऱ्या गृहस्थाच्या हवाली करतो आणि वाजवून बघायचं विसरतो. आमच्या कासारवाडीच्या नावातच कासार आहे, धातूची पारख करणारा. म्हणून हा प्रश्न इथे बसून विचारावासा वाटतो.

पैशाच्या बाबतीत गरीब, अडाणी माणूसच फसतो, असा आपला समज आहे. इतिहास तसं सांगत नाही. पिढीजात व्यापारी, बँकांचे संचालक, साहेबलोक, सगळे फसलेले आहेत. आणि तेही एकेकटे नव्हे, रांग लावून. त्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईचं आहे आणि ते दीडशे वर्षांहून जुनं आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला, असं तेव्हाच्या हकिकतींत आहे. कापूस पिकवणाऱ्या भागात बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं सांगितलं जाई. त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सात-साडेसात कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज आहे.

आता एवढ्या पैशाचं करायचं काय? कापसाचा व्यापार ठाऊक होता, पण अचानक आलेला पैसा सांभाळायचा कसा हे ठाऊक नव्हतं. ही दोन वेगळी कसबं आहेत. कमावणाऱ्याला वाटतं, मी कमावलं म्हणजे मला पैसा कळतो. खरी गफलत इथेच सुरू होते.

अशा वेळी वाट दाखवणारा माणूस लागतो. मुंबईला तो मिळाला प्रेमचंद रायचंद यांच्या रूपानं. १८३१ साली सुरतेला जन्मलेले प्रेमचंद हे इंग्रजी जाणणाऱ्या सुरुवातीच्या देशी दलालांपैकी एक. स्मरणशक्ती अशी की मोठमोठे सौदे डोक्यात ठेवत. राहणी साधी, हात सढळ. तिशीतच ते मुंबईच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. नव्या कंपन्यांचे शेअर कुणाला किती मिळायचे, यात त्यांचा शब्द चाले. त्यामुळे शेअर मिळणं हा सौदा राहिला नाही, ती मेहेरबानी झाली. आणि मेहेरबानी करणाऱ्याला हिशेब कोण विचारणार?

कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, २० विमा कंपन्या आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती! सरकारच्या आधारावर उभी असलेली बँक ऑफ बॉम्बे तरी सावध राहायला हवी होती. पण १८६३ च्या कायद्यानं तिच्यावरचे जुने निर्बंध सैल झाले होते. ती शेअरच्या तारणावर कर्ज देऊ लागली, आणि कर्ज कुणाला द्यायचं यात प्रेमचंदांचं वजन मोठं होतं. म्हणजे बँक प्रेमचंदांकडे बघत होती, लोक बँकेकडे बघत होते, आणि प्रेमचंद बाजाराकडे बघत होते. मडकं वाजवायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोपवलं होतं.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचा भाव कोसळला. मुदतीच्या सौद्यांची पुरती करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी सगळी मुंबई एकमेकांची देणेकरी निघाली आणि द्यायला कुणाजवळच काही नव्हतं. त्याआधीच बेहरामजी होरमसजी कामा यांची मोठी पेढी तीन कोटींच्या वर देणं ठेवून बुडाली होती. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांना विकला गेला. बँकेचं जवळजवळ सगळं भांडवल बुडालं. पुढे चौकशी आयोग बसला. ही पडझड तरुणपणी पाहिलेल्या दिनशा वाच्छांनी १९१० साली तिच्यावर पुस्तकच लिहिलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रेमचंद म्हणजे रात्रीत गाशा गुंडाळणारा भामटा नव्हे. तेही बुडाले, पण मुंबईतच राहिले, पुन्हा उभे राहिले आणि १९०६ पर्यंत जगले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर हे त्यांच्याच देणगीतून उभं राहिलेलं त्यांच्या आईचं स्मारक. आपल्याला भीती वाटते ती खोटं बोलणाऱ्याची. पण स्वतःच्या बोलण्यावर ज्याचा मनापासून विश्वास आहे, तो जास्त धोक्याचा. त्याच्या डोळ्यांत खोट दिसत नाही, कारण ती तिथे नसतेच. म्हणून माणसाचा चेहरा वाचून पैसा देऊ नये. कागद वाचून द्यावा.

मुद्दाम फसवणारे असतात तेही याच वाटेनं येतात. न्यूयॉर्कचा बर्नार्ड मेडॉफ हा नॅसडॅक या शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष. त्यानं कधी पैसे दुप्पट करण्याची भाषा केली नाही. दरवर्षी बेताचा, न चुकणारा नफा दाखवला. त्याहून मोठी युक्ती म्हणजे तो काहींना चक्क नकार द्यायचा. मग श्रीमंत लोक ओळखी काढून त्याच्या दारात जात. एका जाणकारानं २००० सालापासून सरकारी नियामकाला लेखी सावध केलं होतं, तरी २००८ च्या डिसेंबरपर्यंत सारं चालू राहिलं. कागदावरचे सुमारे साडेसहा हजार कोटी डॉलर हवेत विरले. मेडॉफला दीडशे वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ साली तो तुरुंगातच वारला. त्याच्या गिऱ्हाइकांत त्याच्याच ज्यू समाजातली माणसं आणि धर्मादाय संस्था पुष्कळ होत्या. ‘आपला माणूस’ हे फार महाग पडणारं तारण आहे.

हे मी दुसऱ्यांच्या समाजाकडे बोट दाखवून म्हणत नाही. बंगळूरच्या ‘आय मॉनिटरी अॅडव्हायजरी’ या संस्थेनं माझ्याच समाजातल्या हजारो माणसांना ‘व्याज नाही, भागीदारीतला नफा’ असं सांगून पैसे घेतले. २०१९ च्या जूनमध्ये चालक परदेशी पळाला आणि पुढच्या महिन्यात पकडला गेला. व्याज नको म्हणणं हा श्रद्धेचा भाग झाला. पण भागीदार म्हणवून घेणाऱ्यानं वहीखातं बघायला मागू नये, असं कोणत्या धर्मात लिहिलंय?

आपल्या महाराष्ट्रातही २०१३ साली एनएसईएल या हजर मालाच्या बाजाराचे व्यवहार अचानक थांबले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे साडेपाच हजार कोटींच्या वर अडकले. कित्येकांना दलालांनी ही ठरलेल्या परताव्याची सुरक्षित गुंतवणूक म्हणून सांगितली होती. तारण म्हणून गोदामांत माल असायला हवा होता. गोदामं उघडून बघितली ती पैसे अडकल्यावर.

आता आपल्या पट्ट्याकडे या. कासारवाडीपासून चाकणपर्यंत शेताचे कारखाने झाले, कारखान्यांच्या भोवती इमारती उठल्या. कुणाला जमिनीचे पैसे मिळाले, कुणाला स्वेच्छानिवृत्तीचे. आयुष्यात एकदाच येणारी रक्कम. ती आली की आठव्या दिवशी दारात गाडी थांबते. “काका, बाहेर बोलू नका, तुमच्यासाठी म्हणून दोन जागा ठेवल्यात.” काका सुखावतात. आपल्याला कुणीतरी मोठ्यांत बसवलं, ही ती सुखावण्याची गोम आहे. नुसता लोभ म्हणून याची बोळवण करता येत नाही. त्यात मान आहे, संकोच आहे. “मला समजलं नाही, पुन्हा सांगा,” असं म्हणायला लखपतीला गरिबापेक्षा जास्त लाज वाटते. फसवणारा जगतो तो या लाजेवर.

कायदे आहेत. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्याचा कायदा १९९९ पासून आहे, बिगर-नियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्यानं सेबीकडे नोंदणी करावी, हा नियम २०१३ पासून आहे. ती नोंद कुणालाही तपासता येते. पण कायदा बहुधा पोचतो तो पैसा गेल्यावर. त्याआधी पोचायचं काम आपल्या जिभेचं आहे.

मी काही अर्थशास्त्री नाही, बी.ए. झालेला, शब्दांशी झटणारा माणूस आहे. पण तीन साधी वाक्यं पाठ करायला अर्थशास्त्र लागत नाही. हा नफा नेमका कुठल्या धंद्यातून येतो? माझा पैसा कुणाच्या नावावर, कुठे राहील? आणि तो परत हवा असेल तर किती दिवसांत मिळेल? समोरचा रागावला, हसला किंवा “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाला, तर समजावं की आवाज बद्द आला. चांगल्या माठाला वाजवून घेतल्याचा राग येत नाही.